चार थरांची वाकळ

२०१९ च्या ऑगस्टमध्ये माझं शिलाई मशीन पाच दिवस पाण्याखाली होतं. ते बुडालं नसतं तर मी आयुष्यात वाकळ, म्हणजे गोधडी, शिवली नसती, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि पावसाळ्यात दोन्ही नद्या एकदम फुगल्या की पाणी आमच्या रानात पसरतं. पूर आम्हाला नवा नाही. वाडीच्या देवळात पाणी शिरलं, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार झालं, की आमच्या गल्लीतली माणसं आंघोळीला जातात. धान्याची पोती उंचावर ठेवायची, जनावरं माळाला न्यायची, एवढीच आमची तयारी असते. पण त्या वर्षी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर, जिथं ४३ फुटांना धोक्याची पातळी धरतात, तिथं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी नावेत बसलो आणि नऊ दिवस एका हायस्कूलच्या वर्गात काढले.

परत आलो तेव्हा उंबऱ्यापासून चुलीपर्यंत गाळ होता. पंधरा वर्षं ज्या मशीनवर गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले, त्याचं चाक फिरेना. पायडलच्या खाली एक मेलेला मासा होता. मशीन दुरुस्त करणाऱ्याने महिन्याची मुदत दिली, कारण त्याच्याकडे तशीच साठ-सत्तर मशीनं येऊन पडली होती. माळ्यावर ठेवलेली कात्रणाची तीन पोती मात्र कोरडी राहिली. ब्लाऊज बेतताना गळ्याचा अर्धचंद्र निघतो, बगलेच्या गोलाईची फाक निघते, अस्तराच्या पट्ट्या निघतात. कधीतरी कामाला येतील म्हणून मी ते कधी टाकले नव्हते. सगळं गेल्यावर घरात एवढाच रंग शिल्लक होता.

त्याच आठवड्यात मदतीचे टेम्पो आले. पाणी, बिस्किटं, औषधं, आणि कपडे. पहिल्या दोन दिवसांत अंगाला कोरडं फडकं मिळालं ते त्याच कपड्यांमुळे, हे मी विसरणार नाही. पण कपडे येतच राहिले. फाटके शर्ट, चेन तुटलेल्या जीन्स, चमकीचे फ्रॉक, एका पायाचे मोजे. शाळेच्या पटांगणात माणसाच्या उंचीचा ढीग झाला आणि त्याच्यावर पाऊस पडत राहिला. पाठवणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. तरी जी बाई स्वतः दर दिवाळीला दहा जणांना साडी-चोळी करायची, ती त्या ढिगापुढं वाकून कपडे उचकताना मान वर करत नव्हती. मी बघत होते. मीही मान खालीच घातली होती.

त्या ढिगातून आमच्या गल्लीतल्या आक्कांनी एक जुनी सुती नऊवारी ओढून काढली. आक्का सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी ती गालाला लावून बघितली आणि मला म्हणाल्या, "पोरी, हे लुगडं नव्हं, लोणी हाय. ह्याची वाकळ केली तर लेकरू जागं हुयाचं न्हाई."

पुण्याकडे गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ. माझ्या लग्नात आईनं दिलेली वाकळ पुरात गेली होती आणि ती कुणी, कशी शिवली हे मी तिला कधी विचारलंही नव्हतं. मशीनवाल्या पोरीला हातशिलाईचं काय कौतुक असणार! आक्का म्हणाल्या, मशीन नाही तर हात आहेत ना. दुसऱ्या दिवशी आम्ही सहा बायका पोती घेऊन त्या ढिगापाशी गेलो. या वेळी मान वर होती, कारण आम्ही घालायला कपडे शोधत नव्हतो, कापड निवडत होतो.

निवडणं हेच निम्मं काम आहे. वाकळेला सुतीच कापड लागतं. नायलॉनच्या साडीवर सुई घसरते, थर एकमेकांवर सरकतात आणि पांघरल्यावर घाम येतो. हाताला कळत नसेल तर कडेचा एक धागा ओढून काडीनं पेटवायचा. सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि राख होते. नायलॉन, पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. सुरुवातीला मी दर कपड्याला काडी लावत होते. आक्का नुसता कपडा चुरगाळून कानाशी न्यायच्या आणि आवाजावरून सांगायच्या. धोतरं, जुन्या चादरी, लेंगे, सुती ओढण्या, लहान मुलांची झबली एकीकडे. जीन्स बाजूला, कारण चार थरांत जीन्स आली की सुई मोडते. चकचकीत साड्याही टाकल्या नाहीत. त्यांना पीळ घालून दावी वळली, चुंबळी केल्या.

मग धुणं. पुराच्या दिवसांतल्या कपड्याला कसला ना कसला वास असतोच. पाणी तापवायच्या मोठ्या हंड्यात सोडा आणि कडुलिंबाचा पाला टाकून कपडे उकळले आणि ऊन पडेल तसे तीन-तीनदा वाळवले. बटणं, हूक, चेन, लेबलं काढली, शिवणी उसवल्या. उसवताना घाई करून कापड टरकावलं की आक्का रागावायच्या. शिवणीचा दोरा कापायचा, कापड नाही.

बसायला देवळाचा सभामंडप मिळाला. फरशी अजून ओल धरून होती, म्हणून खाली ताडपत्री आणि वर जाजम. खालचा थर म्हणजे अख्खी सुती साडी, दुमडून तीन हात रुंद आणि साडेचार हात लांब. ती ताणून चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आम्ही एका कोपऱ्यावर पाटा, एकावर वरवंटा, एकावर पाण्याची कळशी ठेवली आणि चौथ्यावर माझ्या मुलाला बसवलं. वर चादरींचे, धोतरांचे थर, आणि सगळ्यात वर माझं कात्रण. मग सगळे थर हलू नयेत म्हणून लांब लांब टाक्यांचा कच्चा दोरा घालायचा, तो शेवटी काढून टाकायचा.

दोऱ्याची सोय इचलकरंजीनं केली. तिथल्या यंत्रमागांवर सुताचे कोन संपत आले की तळाशी थोडं सूत राहतं. माझे दीर मागावर कामाला, त्यांनी मालकाला विचारून तसे पिशवीभर कोन आणून दिले. तीन पदर एकत्र घेऊन मांडीवर पीळ द्यायचा, मेणबत्तीच्या तुकड्यावरून ओढायचा, की वाकळेचा दोरा तयार.

आता टाका. पंधरा वर्षं शिवणकाम केलेली मी, आणि पहिल्या दिवशी माझी ओळ सापासारखी गेली. मशीनवर कापड सरकतं आणि आपण जागेवर असतो. वाकळेवर कापड जागेवर असतं आणि आपण सरकायचं असतं. मी सवयीनं कापड स्वतःकडे ओढत होते आणि दर ओढीला खालच्या थराला वळी पडत होती. आक्कांनी माझा डावा हात धरून वाकळेखाली ठेवला. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं की थर पूर्ण ओलांडला, असं समजायचं. तिथंच वळवून वर काढायची. असे चार-पाच टाके सुईवर चढले की मग एकदम दोरा ओढायचा. दोन दिवसांत डाव्या तर्जनीवर बारीक भोकांची जाळी झाली, तेव्हा त्यांनी बोटाला चिंधी गुंडाळायला शिकवलं. चिंधी आधी का दिली नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "आगूदर बोटाला कळाय पायजे. मग चिंधी."

आणि एक गोष्ट त्या सारखी सांगायच्या. "टाका ताणू नगं. लुगड्याला श्वास घेऊ दे." ताणलेल्या टाक्यानं कापड गोळा होतं आणि पहिल्या धुण्यात दोरा तुटतो. सैल टाका अडकतो, पोरांच्या पायाच्या बोटात गुंततो. दोन्हींच्या मधला टाका हाताला सापडायला मला एक अख्खी वाकळ लागली.

कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घालत आत जायचं, दोन फेऱ्यांत दोन बोटं अंतर. मी हिशेबी बाई, गिऱ्हाइकाला दोऱ्याचा खर्च सांगायची सवय. मोजून बघितलं तर एका वाकळेत ८० मीटरच्या वर धावदोरा जातो. सेंटिमीटरला एक टाका धरला तरी आठ हजार टाके. चौघीजणी दुपारी दोन-दोन तास बसलो तर आठ-दहा दिवस लागायचे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं माहेर हल्याळकडचं, कर्नाटकातलं. त्या भागात सिद्दी बायका, म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेल्या समाजातल्या, कवंदी नावाची त्यांची वाकळ शिवतात, ती त्यांनी लहानपणापासून बघितलेली. आम्ही आधी ठिगळं मांडून मग शिवत होतो. त्या म्हणाल्या, तिकडं कडेपासून एकेक तुकडा लावत, त्याची कड दुमडत, शिवतच आत जातात. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या तिकोनी चिंध्या लावतात, त्यांना फुला म्हणतात. शेवटचं ठिगळ बंद करण्याआधी त्यात चार तांदूळ घालतात, वाकळेचं पोट रिकामं राहू नये म्हणून. आक्कांना हे इतकं आवडलं की तेव्हापासून आमच्या प्रत्येक वाकळेच्या पोटात तांदूळ आहेत आणि कोपऱ्यांना फुला आहेत. बगलेच्या गोलाईची माझी कात्रणं त्या फुलांना बरोबर बसायची.

पहिली वाकळ मला फार सुंदर वाटली होती. सात थरांची, मधोमध हिरव्या खणाचा चौकोन, भोवती लाल, पिवळं, जांभळं. खरं तर ती दोन मोठ्या चुका घेऊन जन्मली होती. लाल कात्रण मी आधी भिजवून बघितलं नव्हतं. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग उतरला आणि शेजारचे पिवळे तुकडे मेलेल्या गुलाबासारखे झाले. दुसरी चूक मला परक्या बाईनं दाखवली.

नोव्हेंबरच्या शेवटी ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. बीडकडची माणसं दिवाळीनंतर येतात, रानात कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, उभ्या करतात आणि मार्चपर्यंत इथंच राहतात. त्या वर्षी रानातली ओल हटलीच नव्हती. कोपीच्या आत जमिनीवर पाचट अंथरायचं, त्यावर पोतं, त्यावर पोरं. बायका पहाटे चारला फडात जातात आणि लेकरू कोपीत झोपलेलं असतं. आम्ही ठरवलं, पहिली वाकळ तिथं द्यायची. सगळ्यात जाड, सगळ्यात ऊबदार, म्हणून मी अभिमानानं घेऊन गेले.

कोपीतल्या बाईनं ती दोन्ही हातांनी घेतली. रंगांवरून हात फिरवला. हिरव्या खणावर बोट ठेवून म्हणाली, "आमच्या मायनं मला असली चोळी घेतली व्हती." मग वाकळ उचलून बघितली आणि जरा वेळ गप्प राहिली. मी म्हटलं, "मोकळेपणानं सांगा ताई." तेव्हा बोलली, "ताई, लई जड हाय. दवानं भिजली तर वाळायची कवा? अन् फड बदलला की डोक्यावर न्यायाची मलाच हाय."

मला तेव्हा धक्काच बसला. वाकळ जितकी जाड तितकी चांगली, असं मी माझ्या पक्क्या घरात बसून ठरवलं होतं. तिचं घर दर पंधरा दिवसांनी उठतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतं. रात्री दव पडतं, लेकरू शी-शू करतं, आणि वाळवायला दिवस उजाडतो तेव्हा ती फडात असते. परत येऊन मी ती वाकळ घरीच धुवून बघितली. दोघींना उचलवेना. तीन दिवस दोरीवर होती तरी मधला थर ओलाच, आणि चौथ्या दिवशी कुबट वास.

त्यानंतर आम्ही चार थरांच्या वर गेलो नाही. खाली जुनी साडी, मधे दोन थर मऊ चादर किंवा धोतर, वर ठिगळं. सकाळी उन्हात टाकली तर दुपारपर्यंत वाळते. लहान मुलांसाठी निम्म्या मापाची केली, तिला आम्ही दुपटंच म्हणतो. ती घडी करून एका हातात मावते. कडेला एक दोरी शिवून ठेवली, गुंडाळून बांधायला आणि गाठोड्याला अडकवायला. ती दोरीसुद्धा त्याच ताईंनी सुचवलेली. त्या हिवाळ्यात ११ वाकळा आणि १४ दुपटी कोप्यांवर गेली. पहिली दिली ती त्याच ताईंना, हिरव्या खणाची, चार थरांची. खणाचा तुकडा मी जाड वाकळेतून उसवून काढून हिच्यात लावला होता.

कुणी म्हणेल, चिंध्यांची वाकळ देण्यापेक्षा बाजारातलं ब्लँकेट द्या, दोन-तीनशेला मिळतं. द्यावं की, ज्याला जमेल त्यानं जरूर द्यावं. पण पटांगणातल्या त्या ढिगापुढं उभी राहिलेली मी सांगते, कुणीतरी आपला विचार करून, आपल्याला विचारून केलेली वस्तू हातात आली की घेणाऱ्याचे खांदे वेगळे दिसतात. ब्लँकेट दिलं असतं तर वजनाचं बोलणं निघालंच नसतं.

दुसरं काम अंगणवाडीचं निघालं. तिच्या भिंतीवर पोरांच्या डोक्याच्या बरंच वर पुराची रेघ होती. चुना मारला तरी पिवळट होऊन पुन्हा वर यायची. पोरं त्या रेघेकडे बघायची. जोराचा पाऊस सुरू झाला की दोन-तीन जण रडायला लागायचे, असं सेविका ताई सांगायच्या. सतरंज्या वाहून गेल्या होत्या, पोरं थंड फरशीवर बसत होती. आम्ही २६ बस्करं शिवली, दीड फूट चौकोनी, प्रत्येकावर एक वेगळं चित्र. मका, बैल, छत्री, आंबा, चप्पल, बस. मासाही केला होता. आधी वाटलं पाण्यातलं काही नको, पण एका मुलानं हट्टानं मासाच मागितला. सेविका ताई म्हणाल्या, हजेरी घेताना आता नाव घ्यायच्या आधी पोरं आपापल्या चित्रावर जाऊन बसतात.

त्या रेघेवर आम्ही तोरण लावलं. कात्रणाचे तिकोन, आत अस्तराची पट्टी, खोलीच्या चारी भिंतींवर सलग, बरोबर रेघेवरून. तिकोन मोठ्या मुलींनी कापले, सुई ओवायचं काम लहान पोरांच्या डोळ्यांवर सोपवलं. कात्रणातले बहुतेक तुकडे मला ओळखू येत होते. हा शेजारच्या वहिनींच्या भावाच्या लग्नातला, हा सरपंचबाईंच्या पहिल्या सभेच्या वेळचा, हा एका मुलीच्या डोहाळजेवणातला, तिचाच मुलगा आता त्या तोरणाखाली आंब्याच्या बस्करावर बसतो. बायका पोरांना सोडायला आल्या की दारात थांबून आपापला तुकडा शोधायच्या.

मशीन दोन महिन्यांनी परत आलं. चालतं, पण आवाज बदललाय. ब्लाऊज त्यावरच शिवते. वाकळ कधी मशीनवर घातली नाही. एकदा वेळ वाचेल म्हणून एका दुपट्याला मशीनची टीप मारून बघितली, तर ते पुठ्ठ्यासारखं ताठ झालं.

२०२० साली देवळात बसणं थांबलं. तेव्हा निवडून ठेवलेल्या सुती कापडाचे मास्क केले आणि ज्याच्या त्याच्या घरी जिच्या तिच्या वाटणीच्या वाकळा सुरू राहिल्या.

मग २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. या वेळी आम्ही थांबलो नाही, पायरीला पाणी लागायच्या आधी निघालो. मशीन चौघांनी उचलून शेजारच्या दुमजली घरात नेलं. मी कागदपत्रं, औषधं आणि दोन कपडे पिशवीत भरले आणि त्याच हायस्कूलच्या त्याच वर्गात पोचले. वर्गात बल्बचा पिवळा उजेड होता. बायका प्लॅस्टिकच्या पिशव्या सोडत होत्या आणि एकेका पिशवीतून वाकळ निघत होती. गुंडाळलेली, दोरीनं बांधलेली. दोन वर्षांमागं त्याच फरशीवर आम्ही बारदानावर झोपलो होतो. आता बाकांच्या मधे सगळीकडे रंग अंथरलेला. मी मोजल्या, एकट्या आमच्या वर्गात नऊ होत्या.

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, पायावर त्यांची स्वतःची वाकळ. ढिगातून ओढलेल्या त्या लुगड्याची. मला जवळ बोलवून एका कोपऱ्यातली फुला दाखवली, तिचा टाका सुटला होता.

"सुई हाय का गं?" त्यांनी विचारलं.

होती. ब्लाऊजच्या गळ्याशी खोचलेली, मेण लावलेल्या दोऱ्यासकट. मी त्यांच्या शेजारी बसले आणि कोपरा मांडीवर घेतला.